‘नेतृत्वाची धुरा’ : ही धुरा कोणती आणि ती कोणाच्या खांद्यावर असते?

मूळ प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात मी दोन वर्षांपासून महिला ग्रामसंघाची अध्यक्ष आहे. प्रशिक्षणात मिळालेल्या पुस्तिकेतील ‘नेतृत्व’ आणि ‘आत्मभान’ हे दोन शब्द मला मागच्या बैठकीत समजावून सांगायचे होते आणि ते मला जमले नाही. नेतृत्व म्हणजे पुढारीपण, असे मी म्हणताच सगळ्या गप्प झाल्या, कारण ‘ती आता पुढारी झाली’ असे आमच्याकडे कौतुकाने कोणी म्हणत नाही. ‘म्होरक्या’ म्हटले की भांडणाचा किंवा टोळीचा म्होरक्याच डोळ्यांसमोर येतो. ‘पुढाकार’ या शब्दाला मात्र कोणाचीच हरकत नव्हती. पुढाकार घ्यावा पण पुढारी होऊ नये, असा हा व्यवहार आहे आणि तो मला अजून नीट उलगडलेला नाही.

‘आत्मभान’ म्हणजे स्वतःला ओळखणे, असे मी सांगितले. त्यावर एक वयस्क सदस्य शांतपणे म्हणाल्या, “तुले तं आमचं आयकूच येत नाही.” मला वाटले, माझा आवाज मोठा आहे म्हणून त्या तसे म्हणाल्या. घरी परतताना मात्र त्या वाक्याचा खरा रोख ध्यानात आला. त्या रात्री दोन वर्षांची नोंदवही काढून पाहिली, तर बहुतेक ठराव मीच मांडलेले होते आणि अनुमोदन देणारी नावे त्याच तिघींची होती.

माझी शंका अशी आहे : वर्तमानपत्रांत ‘नेतृत्वाची धुरा सांभाळली’ असे वाचतो, पण आमच्याकडे धुरा म्हणजे शेताची हद्द, जिच्यावरून भाऊ-भाऊ कोर्टात जातात. हे दोन शब्द एकच आहेत काय? आणि आत्मभानाला आपल्या बोलण्यातला एखादा शब्द आहे काय?

पहिला प्रतिसाद

ताई, मी निवृत्त शिक्षक आहे, संस्कृत शिकवीत असे. त्यामुळे धातूंपुरते सांगतो.

‘नेता’ आणि ‘नायक’ हे शब्द ‘नी’, म्हणजे नेणे, या धातूपासून आले आहेत. त्याच धातूपासून ‘विनय’ही आला आहे आणि त्याचा जुना अर्थ वळण लावणे, शिकवून तयार करणे असा आहे, नम्रता हा अर्थ त्यातूनच निघाला. म्हणजे इतरांना नेण्याची क्रिया आणि स्वतःला वळण लावण्याची क्रिया भाषेने एकाच धातूत ठेवली आहे. ‘शिकणे’ हे क्रियापद ‘शिक्ष्’पासून आले असून, भाषाशास्त्रज्ञ त्याला ‘शक्’चे इच्छार्थी रूप मानतात. शिकणे म्हणजे समर्थ होऊ इच्छिणे. ‘शिकवणे’ हे त्याचे प्रयोजक रूप आहे; ज्याला शिकायचे आहे तो आधी असेल, तरच शिकवणे घडते.

‘भान’ हा शब्द ‘भा’, म्हणजे प्रकाशणे, दिसणे, यावरून आला आहे. मराठीत भान सुटते, हरपते, ठेवावे लागते आणि माणूस पुन्हा भानावर येतो. अशा शब्दाला ‘आत्म’ जोडल्यावर तो एखाद्या पदवीसारखा कायमचा मिळवता येईल, असे मला वाटत नाही. पुस्तिकेत ‘आत्मभान प्राप्त करणे’ असे छापले असेल, तर तेथे ‘आत्मभान ठेवणे’ असे वाचावे.

धुरेचे उत्तर शेतकऱ्याने द्यावे.

दुसरा प्रतिसाद

ताई, शिक्षक महोदयांनी शेवटचे वाक्य माझ्यासाठीच लिहिले असावे, असे समजून लिहितो. मी वर्धा जिल्ह्यातला आहे आणि बैलजोडी अजून घरी आहे.

पहिली गोष्ट लिंगाची. शेताचा तो धुरा पुल्लिंगी आहे, म्हणून आपण ‘धुऱ्यावर’ बोरीचे झाड आहे असे म्हणतो. गाडीची ती धुरा स्त्रीलिंगी आहे, म्हणून माणूस ‘धुरेवर’ बसतो. दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत की नाहीत, यात मी शिरत नाही, पण वापरात ते वेगळे आहेत आणि वर्तमानपत्रातली धुरा ही गाडीची आहे.

संस्कृतातला ‘धुर्’ म्हणजे जू किंवा जनावराच्या खांद्यावर येणारा गाडीच्या दांडीचा भाग. ती वाहणारा तो धुर्य किंवा धौरेय, म्हणजे बैल. पाणिनीने या रूपांसाठी सूत्रच दिले आहे. धुरंधर आणि धुरीण या शब्दांचाही मूळ अर्थ जुवाखालचा, ओझे ओढणारा असाच आहे. राजकारणातल्या धुरिणांना आपण ज्या आदराने धुरीण म्हणतो, तो आदर मुळात बैलाचा आहे. आमच्या विदर्भात मात्र ‘धुरकरी’ म्हटले की गाडी हाकणारा माणूस समोर येतो. शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, जोडी हाकतो तोही धुरकरीच. एकाच मुळातून बैलही नेता झाला आणि हाकणाराही. माझ्या मते तुमच्या बायकांना ‘पुढारी’ खटकतो आणि ‘पुढाकार’ चालतो, त्याचे कारण इथेच आहे. पुढाकारात माणूस जुवाखाली असतो.

तरीही मला धुरकरी हाच शब्द अधिक उपयोगी वाटतो आणि त्याचे कारण तोलात आहे. बैलगाडी दोन चाकांची असते. कापूस मागे जास्त भरला, तर गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाऊन बैलांचे गळे आवळले जातात. पुढे जास्त भरला, तर सगळा भार मानेवर येतो. धुरकऱ्याचे स्वतःचे वजनही त्या तोलात असते, म्हणून चढ आला की तो पुढे सरकतो आणि उतार आला की मागे सरतो. आत्मभान शिकवायचे असेल, तर मी एवढेच दाखवीन : आपले वजन या क्षणी कोणाच्या मानेवर पडते आहे, हे कळणे. हे शब्दांनी शिकता येत नाही. लहानपणी मी नवा गोऱ्हा मुरलेल्या बैलाशेजारी जुंपलेला पाहत असे आणि माझे शिकणेही तसेच वडिलांशेजारी बसून झाले.

पण बसलेल्याला स्वतःचे वजन कधीच जाणवत नाही, ही खरी अडचण आहे. एका हंगामात माझ्या डाव्या बैलाचा खांदा आला होता, म्हणजे जुवाने सुजला होता, आणि मी आठवडाभर तसाच गाडी जुंपत राहिलो, कारण तो चालत होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांद शेकताना, हळद-तूप लावण्यासाठी तिथे हात ठेवला, तेव्हा त्याने मान काढून घेतली. आपण त्या दिवशी बैलांना “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या” असे म्हणतो. ते शब्द त्या संध्याकाळी माझ्या तोंडून लवकर निघाले नाहीत. ताई, त्या वयस्क बाईंचे वाक्य मला या मान काढून घेण्यासारखे वाटले.

मूळ प्रश्नकर्तीकडून

दादा, सर, आपल्या दोघांचे प्रतिसाद मी बैठकीत वाचून दाखवले. ‘उलाळ’ हा शब्द समजावून सांगावा लागला नाही.

एक भर घालते. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्या गावाची घोषणा सर्वश्रुत आहे : ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ तिच्यात नेत्यासाठी शब्दच नाही. ‘आम्ही’ हे सर्वनाम आणि त्याला लागलेला ‘च’, एवढ्यावर ती उभी आहे. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात आणि ग्रामसभेच्या जोडीला विषय समजून घेण्यासाठी अभ्यासगट बसतो. समजून घेण्याची जागा आणि ठरवण्याची जागा त्यांनी वेगळी ठेवली आहे. मी दोन वर्षे आधी ठरवत आले आणि मग समजावत आले.

ठराव मांडणारीचे नाव दर बैठकीत बदलायचे, असे आम्ही या वेळी लिहून ठेवले. पहिले नाव त्या वयस्क सदस्यांचे होते. त्या उठल्या, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मधेच बोलण्यासाठी माझे तोंड दोनदा उघडले ते मी मिटून घेतले.