सोयाबीनच्या सीझनला मळणीयंत्रात हात सापडलेले पेशंट इतके का येतात?

कॅज्युअल्टीतला_रात्रपाळीवाला:
मी मराठवाड्यात तालुक्याच्या दवाखान्यात कॅज्युअल्टीला आहे. एरवी टू-व्हीलरवरून पडलेले, मारामारीचे, साप चावलेले असंच असतं, पण दसरा-दिवाळीच्या आसपास मळणीयंत्रात हात गेलेले सुरू होतात. बहुतेक तरणी पोरं, आणि येतात ती अंधार पडल्यावर. जखम बघवत नाही, बोटं चेंदलेली, वर हळद नाहीतर डिझेल ओतलेलं आणि मनगटाला सुतळी करकचून आवळलेली. मशीनवर काम करणाऱ्यांनी सांगा, हात आत जातोच कसा?

हडंबा_मालक:
डॉक्टर, मशीन पोत्यामागे भाड्यानं असते, एकाचं झालं की लगेच दुसऱ्याच्या रानात, त्यात आभाळ आलं की जो तो म्हणतो आज रात्रीच काढून द्या. सुडी, म्हणजे कापून रचलेला सोयाबीनचा ढीग, दवानं ओली झाली की काड तोंडाशी तुंबतं, मग ट्रॅक्टर बंद न करता पोरगं हातानंच आत रेटतं आणि आतल्या फिरत्या ड्रमनं पेंढी ओढली की हात सोडवायला वेळच मिळत नाही. फुल बाह्यांचा शर्ट, हातातलं कडं, हातमोजे, सगळं आधी ओढलं जातं. आणि बायकांचं वेगळंच, ट्रॅक्टर आणि मशीनमधला जो फिरता शाफ्ट असतो ना त्यात पदर गुंडाळतो. त्याचं कव्हर पहिल्याच वर्षी काढून फेकलेलं असतं. मी परत बसवून घेतलंय.

अवजारे_इंजिनिअर:
तोंड मोजून बघा. आयएस 9020 या मळणीयंत्राच्या भारतीय मानकाप्रमाणे घास टाकायचं तोंड कमीत कमी 90 सेंमी लांब पाहिजे आणि त्यातलं 45 सेंमी वरून झाकलेलं, म्हणजे हात ड्रमपर्यंत पोचतच नाही. लोकल बनावटीत किंवा गॅरेजवाल्याकडून कापून ते आखूड केलेलं असतं, का तर माल लवकर जातो. पॉवर थ्रेशरसाठी, म्हणजे अशाच मळणीयंत्रांसाठी, 1983 चा डेंजरस मशीन्स कायदा आहे, पण गावात कोण तपासतंय! पोराला बेसावध म्हणून मोकळं होऊ नका, मशीनचं तोंडच चुकीचं आहे.

प्लास्टिक_सर्जरी_रेसिडेंट:
आमच्याकडे पोचेपर्यंत जे होतं त्याबद्दल कळकळीनं सांगतो. सुतळी बांधू नका, स्वच्छ कपडा घट्ट दाबून हात वर धरा. तुटलेलं बोट थेट बर्फात टाकून आणतात, त्यानं ते खराब होतं. ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड बांधून, मग ती पिशवी बर्फावर. गार ठेवलं तर बोटाला बराच वेळ मिळतो, पण मनगटाच्या वरून हात तुटला असेल तर साधारण सहा तासच धरा, आत स्नायू असतात. कडबाकुट्टीनं सरळ कापलेलं जोडता येण्याची आशा जास्त, थ्रेशरनं चेंदलेलं अवघड असतं, तरी तुकडा घेऊन या. 108 ला फोन लावतानाच बोट तुटलंय म्हणून सांगा.

बांधावरून:
डॉक्टर एक विनंती, केसपेपरवर मळणीयंत्रात हात सापडून असं स्पष्ट लिहीत जा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एक हात निकामी झाला तर 1 लाख मिळतात, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे 30 दिवसांत. आमच्या गावातल्या एकाच्या कागदावर नुसतं 'हाताला इजा' होतं, हेलपाटे मारून थकला बिचारा.

कॅज्युअल्टीतला_रात्रपाळीवाला:
हो दादा, उद्यापासून तसंच लिहितो, स्टाफलाही सांगतो. मालक, त्या शाफ्टच्या कव्हरचा फोटो टाकाल का, दवाखान्याच्या दारात लावतो.