घरटं म्हणजे बाळंतिणीची खोली

‘गरुडांची जोडी वर्षभर घरट्यातच राहते का?’ असं कुणीतरी विचारलंय. नाही. घरटं म्हणजे बाळंतिणीची खोली. एरवी मुक्काम आसपासच्या झाडांवर. कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर तलावाजवळच्या जॅकी आणि शॅडो या बाल्ड ईगल जोडीला मी काही वर्षं घरट्यापाशी लावलेल्या लाइव्ह कॅमेऱ्यातून बघतेय. (टकलं नसतं हो ते! डोकं पांढरंशुभ्र असतं, आणि तेही पाचेक वर्षांचं झाल्यावर.)

हिवाळ्याच्या तोंडावर काड्या जमवणं जोरात. शॅडो एखादी लांबलचक फांदी आणतो, जॅकी ती ओढून दुसरीकडे ठेवते, तो परत हलवतो. आमच्याकडे सोफ्यावरून असंच चालतं. अंडी साधारण जानेवारीत. उबवतात दोघंही आळीपाळीने, पण रात्रपाळी बहुतेक तिचीच. बर्फात जवळजवळ गाडली गेली तरी हलत नाही.

२०२४ मध्ये तीन अंडी होती, एकही फुटलं नाही. दिवस उलटून गेले तरी दोघं आपली बसूनच, बघवत नव्हतं. २०२५ च्या मार्चमध्ये मात्र तिन्ही फुटली. एक पिल्लू त्याच महिन्यातल्या हिमवादळात गेलं. उरलेली दोन, सनी आणि गिझ्मो, जूनमध्ये उडाली. त्याआधी कित्येक दिवस घरट्याच्या काठावर पंख फडफडवत उड्या मारायची आणि जीव टांगणीला माझा!

आणि पिल्लं मोठी झाली तरी तपकिरीच दिसतात, त्यामुळे ‘घरट्यात घार शिरलीय’ म्हणून घाबरू नका.