आयएल-२ दरवेळी पेलेटमध्येच जाऊन बसतंय, काय करू?

खारघरची_पेलेटवाली:
नमस्कार मंडळी. एमएस्सीचं शेवटचं वर्ष, नवी मुंबईतल्याच एका कॉलेजात. मानवी इंटरल्यूकिन-२ (आयएल-२, टी-पेशींना वाढवणारं प्रोटीन) ई. कोलाय या जिवाणूत बनवायचंय. विकतची कुपी महाग पडते, घरचंच बनवून टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी) वाढवू, असा सरांचा हिशेब. जीन पीईटी व्हेक्टरमध्ये (जिवाणूत जीन नेणारा डीएनए), पुढच्या टोकाला सहा हिस्टिडिनचा टॅग (निकेल कॉलमला चिकटायला), स्ट्रेन बीएल२१ डीई३. ओडी (गढूळपणावरून वाढीचं माप) ०.६ ला १ मिलिमोलर आयपीटीजी (जीन चालू करणारं रसायन), ३७ अंशांवर चार तास. जेलवर १६-१७ किलोडाल्टनला असा जाडजूड बँड आला की मी आईला फोटो पाठवला. ("छान. जेवलीस का?")

मग सोनिकेट करून (ध्वनिलहरींनी पेशी फोडून) सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं. सुपरनेटंटमध्ये (वरच्या द्रवात) काही नाही, सगळा माल खाली पेलेटमध्ये (तळाच्या गाळात). सर म्हणाले, १८ अंशांवर रात्रभर लाव. आमच्या शेकरला कूलिंग नाही आणि मे महिन्यात खोलीच ३३ अंशांवर असते. शेवटी बेलापूरला दिवाळ्याच्या मासळी बाजारातून बर्फ आणून पिशव्या शेकरमध्ये कोंबल्या. दोन तासांत पाणी, वर लॅबभर बोंबलाचा वास. आयपीटीजी ०.१ वर आणूनही तेच. पुढच्या महिन्यात सबमिशन आहे. स्ट्रेन बदलू, टॅग बदलू की विषयच बदलू?

घोडबंदरकर:
ई. कोलायचा शफल स्ट्रेन वापरून बघा. त्यात डायसल्फाइड बंध (दोन सिस्टीनची जोडी) पेशीच्या आतच जुळतात. आमचं पहिल्या फटक्यात झालं.

खारघरची_पेलेटवाली:
तुमचं प्रोटीन कुठलं होतं?

घोडबंदरकर:
नॅनोबॉडी (छोटी अँटीबॉडी). हं, ती तशी गुणी असते म्हणा.

निवृत्त_फर्मेंटर:
तुर्भे-रबाळे पट्ट्यात २६ वर्षं फर्मेंटेशनमध्ये काढली. तू माझ्या मुलीच्या वयाची, म्हणून अगंतुगं करतोय. आधी सांग, पेलेट फेकून नाही ना दिलंस?

तुझं काही चुकलेलं नाही. आयएल-२ ई. कोलायमध्ये असंच वागतं. १३३ अमिनो आम्लं, त्यात तीन सिस्टीन. ५८ आणि १०५ यांची जोडी जमली पाहिजे, १२५ मोकळा राहिला पाहिजे. जिवाणूच्या पोटात ही जोडी जमत नाही, मग अर्धवट घडी पडलेले रेणू एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होतो. अल्डेस्ल्युकिन हे औषध, अमेरिकेत १९९२ मध्ये किडनीच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं, तेही ई. कोलायमध्येच बनतं. त्यात १२५ च्या सिस्टीनच्या जागी सेरीन बसवलंय, म्हणजे भलतीच जोडी जमायला नको. जिवाणू प्रोटीनवर साखर चढवत नाही, पण आयएल-२ चं त्यावाचून अडत नाही. तेव्हा १८ अंशांचा नाद सोड. दिवाळ्याचा बर्फ सोनिकेशनला वापर.

पेलेट ट्रायटन एक्स-१०० (डिटर्जंट) घातलेल्या बफरने दोनदा धू, मग साध्या बफरने. ६ मोलर ग्वानिडीनमध्ये (त्यात घडी पुरती उलगडते) विरघळव आणि तसंच निकेल कॉलमवर चढव. डीटीटी (डायसल्फाइड बंध तोडणारं रसायन) मात्र तेव्हा नको, मणी तपकिरी पडतात. ईडीटीए (धातू ओढून घेणारं रसायन) तर अजिबात नको. आमच्याकडे एकाने ईडीटीए असलेली प्रोटिएज इनहिबिटरची गोळी टाकली आणि निळे मणी डोळ्यांदेखत पांढरे झाले. साहेब जेवून यायच्या आत आम्ही पुन्हा निकेल चढवलं होतं!

कॉलमवरून उतरलं की मग डीटीटी घाल. त्यानंतर रिड्यूस्ड आणि ऑक्सिडाइज्ड ग्लुटाथायोनच्या गार बफरमध्ये थेंब थेंब सोड, निदान वीसपट पातळ होईल इतकं, आणि ४ अंशांवर रात्रभर ठेव, म्हणजे घडी आणि जोडी नीट जमेल. एकदम ओतलंस तर दूध नासल्यासारखं होईल. सावकाश करूनही बराचसा भाग वाया जाईल, तो धरूनच चाल.

ऐरोलीची_सेलकल्चरवाली:
काकांनी प्रोटीनचं सांगितलं, मी पेशींचं सांगते, कारण मी पोळलेय. ई. कोलायचं प्रोटीन म्हणजे सोबत एंडोटॉक्सिन (जिवाणूच्या आवरणातला विषारी घटक) आलंच, आणि निकेल कॉलमने ते पुरतं जात नाही. रक्तातल्या पेशी घेतल्यास तर त्यातले मोनोसाइट त्यावरच उसळतील आणि तुला वाटेल प्रोटीन काम करतंय. मला दोन महिने तसंच वाटत होतं. मग रिकाम्या व्हेक्टरच्या बॅचचा अर्क घातला, तर ग्राफ हुबेहूब तोच! त्या दिवशी ऐरोली स्टेशनवर तीन गाड्या सोडल्या, उठवेचना. तेव्हा रिकामं व्हेक्टर पहिल्यापासून शेजारी चालव, एलएएल टेस्ट (एंडोटॉक्सिन मोजणारी) कर आणि एक नमुना पॉलिमिक्सिन बी (एंडोटॉक्सिन निकामी करणारं) घालून बघ. सीटीएलएल-२ पेशी (आयएल-२ वरच जगणाऱ्या टी-पेशी) कुठे मिळाल्या तर उत्तम. त्या उंदराच्या असल्या तरी माणसाच्या आयएल-२ वर वाढतात.

खारघरची_पेलेटवाली:
काका, पेलेट आहे! उणे २० मध्ये तीन ट्यूब, झाकणांवर माझ्याच अक्षरात "फेकणे". उद्या धुवायला घेते. ग्वानिडीनमध्ये विरघळलं की लगेच जेलवर बघितलं तर चालेल ना?

निवृत्त_फर्मेंटर:
थेट नको. ग्वानिडीन एसडीएसबरोबर (सॅम्पल बफरमधला डिटर्जंट) साका धरतं, सॅम्पल जेलच्या विहिरीत उतरणारच नाही. थोडं बाजूला काढून थंड इथेनॉलने प्रोटीन खाली बसव, धू, मग सॅम्पल बफरमध्ये घे. आणि झाकणं बदल.