पॉम्पेईत लक्ष्मीपूजन व्हायचं का?

भटका_जालनेकर:
आमच्या घरच्या ग्रुपवर दर दिवाळीला एकच फॉरवर्ड येतो. इटलीतल्या पॉम्पेईत दोन हजार वर्षांपूर्वी लक्ष्मीपूजन व्हायचं म्हणे, आणि पुरावा म्हणून हस्तिदंती मूर्तीचा फोटो. यंदा काकांनी मलाच टॅग केलं, "तू इतिहास शिकलास ना, सांग!" मूर्ती १९३८ साली सापडली आणि नेपल्सच्या संग्रहालयात आहे, एवढं माहीत आहे. पण पूजेचं काय?

तेरकर:
मूर्ती अस्सल, पूजा हवेतली. वीतभर उंचीची बाई, अंगावर दागिने सोडले तर फारसं काही नाही, दोन्ही बाजूंना शृंगाराचं सामान घेतलेल्या दासी. सापडली तेव्हा भारतीय देवी म्हणजे लक्ष्मी, असं नाव पडलं आणि ते चिकटलं. पण ना हत्ती, ना लक्ष्मीची ठाम खूण. डोक्यात मात्र वरून खाली जाणारं भोक आहे. देवाच्या डोक्यात कोण भोक पाडतं? आरशाची मूठ किंवा एखाद्या छोट्या मेजाचा पाय असावा. आज अभ्यासक तिला बहुधा यक्षी, म्हणजे निसर्गाशी जोडलेली उपदेवता म्हणतात.

खरी गंमत आपल्याकडे आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या तेरला तशीच हस्तिदंती बाई मिळाली. १९७० च्या दशकात जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननातही एक निघाली. ती कमरेवर तुटलेली, पण पायाशी त्याच दासी. तेर म्हणजे ग्रीक दर्यावर्दीच्या 'पेरिप्लस' या सागरी व्यापाराच्या जुन्या पुस्तकातलं तगर. इथला माल बैलगाड्यांनी भडोचला आणि तिथून जहाजाने पुढे जायचा.

खरोष्ठीप्रेमी:
एक ब्रेक मारतो. पॉम्पेईच्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी अक्षर आहे, आणि ती लिपी भारतीय उपखंडाच्या वायव्येकडची. त्यामुळे "भोकरदनची कारागिरी" असं छातीठोक म्हणू नका. पक्कं एवढंच, की इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीची राख पडली त्याआधी ती तिथल्या एका घरात पोचली होती.

तेरकर:
मान्य. पण साम्य बघून आमच्या गावाला थोडं मिरवू द्या की राव.

भटका_जालनेकर:
सगळं काकांना वाचून दाखवलं. ऐकून घेतलं आणि दहा मिनिटांत ग्रुपवर नवा मेसेज: "रोमच्या लक्ष्मीचं माहेर आपलं भोकरदन! प्रत्येक मराठी माणसापर्यंत पोचवा."