निर्णयाची 'मालकी' घेतात का?

वेलांटी: एका पुस्तिकेचा अनुवाद करते आहे. 'फुली प्रेझेंट' असणं आणि रोजच्या निवडींची 'ओनरशिप' घेणं, हे दोन प्रयोग पानोपानी आहेत. मी 'पूर्णपणे उपस्थित राहा' आणि 'निवडींची मालकी घ्या' असं लिहिलं. संपादकांनी दोन्हींवर काट मारली. उपस्थित सभेला राहतात आणि मालकी जमिनीची असते, म्हणाले. मूळ आशय अगदी साधा आहे. ऐकताना फक्त ऐकायचं. आणि 'झोपायला उशीर झाला' असं न म्हणता 'मी उशिरा झोपले' म्हणायचं. काय लिहू?

रफार: पहिल्यासाठी 'अवधान'. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय श्रोत्यांकडे अवधान मागूनच सुरू होतो. 'सावधान' म्हणजे स + अवधान, कवायतीतला हुकूमसुद्धा तोच. त्यात मुळात धोका नाही, लक्ष आहे. दुसऱ्यासाठी 'उत्तरदायित्व'.

कानामात्रा: अहो, घरात कोण कोणाला 'अवधान दे' म्हणतं? 'लक्ष कुठंय तुझं?' असंच म्हणतो आपण. माझी आजी म्हणायची, 'नुसता देहाने बसू नकोस, मनानेही हजर हो.' यात सगळं आलं. 'मनाने हजर' लिहा.

रफार: हजर अरबी. आपला शब्द असताना उसना कशाला?

कानामात्रा: हजेरी, गैरहजर, हजरजबाबी एवढा गोतावळा झाल्यावर तो उसना कसा? शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, तरी हे शब्द टिकले. लोकांनी ठेवून घेतले म्हणून टिकले.

अनुस्वार: 'भान' कोणालाच कसं सुचलं नाही? भा म्हणजे प्रकाशणे, त्यावरून भान. भान ठेवणं, भानावर येणं, हे सगळे रोजचे प्रयोग. अडचण एकच आहे आणि ती मला फार दिवस छळते आहे. जेव्हा मी एखाद्या कामात खरोखर पूर्ण असते, तेव्हा आपण म्हणतो 'भान हरपून काम केलं'! मग पूर्ण असणं म्हणजे भान असणं की हरपणं?

रफार: हरपतं ते देहभान आणि काळाचं भान. कामाचं भान उलट वाढतं. त्याला तन्मय म्हणावं.

अनुस्वार: तन्मय झालेल्याला स्वतःची निवड दिसते का, पण? वेलांटींच्या पुस्तिकेला ती दिसायला हवी आहे. गुंगून जाणं वेगळं आणि जागं असणं वेगळं. तन्मय मला नाही पटत.

जुनीवही: दुसऱ्या शब्दाकडे कोणी वळतच नाही. 'जबाबदारी'त जबाब आहे, 'उत्तरदायित्वा'त उत्तर. म्हणजे दोन्हीकडे विचारणारा कोणीतरी हवा. रात्री मी किती वाजता झोपलो हे मला कोण विचारणार आहे? मालकीच्या जवळचा जुना प्रयोग म्हणजे 'बोलाचा धनी', 'रोषाचा धनी'. पण ते धनीपण गळ्यात पडतं, आपण होऊन घेत नाही. आपण होऊन घेतो तो 'पत्कर'. 'त्याने त्या कामाचा पत्कर घेतला' असं आमचे वडील सहज लिहीत. 'निवडीचा पत्कर घ्या.' जोखमीसकट, राजीखुशीने. नाम जड वाटलं तर 'आपली निवड पत्करा'.

वेलांटी: 'पत्करा' फार आवडलं! पण 'पराभव पत्करला' म्हणतो तेव्हा त्यात नाइलाज असतो ना?

जुनीवही: धोका पत्करण्यात नसतो. आणि खरं सांगू, मला नामच नको वाटतं. 'पेला फुटला' आणि 'मी पेला फोडला', 'ठरलं' आणि 'मी ठरवलं'. मराठीत कर्त्याला लपायला क्रियापदात भरपूर जागा आहे. 'निर्णय घेण्यात आला' हे तर त्याचं सरकारी रूप. सगळी पुस्तिका 'मी ठरवलं' अशा क्रियापदांत लिहा, ओनरशिपला शब्द लागणारच नाही.

कानामात्रा: 'पेला फुटला'त लपणं दरवेळी नसतं हो. कधी तो खरंच आपोआप फुटतो. प्रत्येक वाक्यात 'मी' आला तर ते मराठी कानाला टोचेल.

रफार: 'पत्कर'मध्ये पत आणि कर आहेत, असं मला नेहमी वाटत आलंय. स्वतःची पत लावून हात घालणं.

जुनीवही: ऐकायला छान आहे, पण मन मानत नाही. पत लावतात, राखतात, घालवतात. पत 'करतात' असं मी ऐकलेलं नाही.

रफार: कर म्हणजे हात घ्या की. करणे कशाला धरता?

अनुस्वार: मग 'पतकर' असा सुटा त कुठल्या जुन्या लिखाणात सापडायला हवा. कोणी पाहिलाय का?