‘मिनी हॉल’ची पाटी बदलायची का? (मिनी मुळात लहान नव्हताच!)

खाडीकाठ, वाशी
आमच्या सोसायटीत दोन हॉल. मोठ्यात साखरपुडे, दुसऱ्यात बारशी आणि कमिटीची भांडणं. दुसऱ्यावर वर्षानुवर्षं ‘मिनी हॉल’ अशी पाटी आहे. आता रंगकाम निघालंय, तर कमिटीतल्या एका काकांचा ठराव आला: इंग्रजी शब्द काढा, ‘लघु सभागृह’ करा. माझा विरोध आहे.

‘मिनी’ हा ‘मिनिएचर’चा तुकडा. आणि मिनिएचरचा लहानपणाशी जन्माचा संबंध नाही. लॅटिनमध्ये ‘मिनियम’ म्हणजे शेंदूर. हो, मारुतीचा. युरोपात पोथ्या हाताने लिहीत तेव्हा अध्यायाचं पहिलं अक्षर शेंदराने रंगवायचे. त्या कामावरून इटालियनमध्ये ‘मिनियातुरा’ आला. पोथीच्या पानातली चित्रं लहानच असणार, म्हणून पुढे कुठलंही लहान चित्र मिनिएचर, मग लहान काहीही मिनिएचर. आपल्याही जुन्या पोथ्यांत दंड आणि ‘श्रीगणेशाय नमः’ लाल शाईत दिसतात. असा ओळखीच्या घरातला शब्द हाकलून संस्कृतमधला जड शब्द कशाला आणायचा?

कोपरीकर
दगडाला शेंदूर फासला की देव होतो, तसं चाललंय हे. मिनिएचर लहानाकडे सरकलं, त्याला चित्रांचा आकार हे एकच कारण नाही. ‘मिन’ कानावर पडलं की तिकडच्या माणसाला मायनस, मायनर, मिनिमम आठवणार. ही सगळी लॅटिन ‘मिनुस’ची, म्हणजे ‘कमी’ची पिलावळ. शेंदूर केव्हाच पुसला गेला होता.

१९५६ च्या सुएझ कालव्याच्या पेचात ब्रिटनमध्ये पेट्रोलची टंचाई झाली, म्हणून तिथल्या अॅलेक इसिगोनिस या मोटार-अभियंत्याने जेमतेम १० फुटांची गाडी आखली. १९५९ मध्ये ती मॉरिस कंपनीच्या नावाने आली ती ‘मिनी-मायनर’ म्हणून. मायनर आधीच लहान, वर मिनी! तिथे कुणाच्या डोक्यात शेंदूर होता? शब्दाचं आजोळ काढून पाट्या रंगवायच्या नसतात.

मुक्काम_घणसोली
कोपरीकर, ‘मिनुस’चं गोत निघालंच आहे तर मिनिस्टर राहिला. तोही त्यातलाच, मूळ अर्थ सेवक, हाताखालचा. त्याच्या उलट ‘मागिस’, म्हणजे जास्त. त्यावरून मागिस्तेर, त्याचा पोर्तुगीजमध्ये मेस्त्रे, आणि आपला मेस्त्री. म्हणजे शब्दाने मंत्री धाकटा आणि मेस्त्री थोरला. पटतं मला. आमच्या बाथरूमची फरशी उखडून मेस्त्री ‘दोन मिनिटांत सिमेंट घेऊन येतो’ म्हणून गेला तो चौथ्या दिवशी उगवला. एवढा रुबाब मंत्र्याला तरी असेल का? (मिनिटही त्याच घरातलं बरं का. तासाचा पहिला बारीक तुकडा तो मिनिट, दुसऱ्यांदा केलेला तुकडा तो सेकंद.)

जुनी_बेलापूरकरीण
गमतीजमती पुरे. पाटी मराठीत हवी, पण ‘लघु सभागृह’ नको, त्याला लघुशंकेचा वास येतो. साधं ‘धाकटा हॉल’ करा. पनवेलला मोठा खांदा आणि धाकटा खांदा ही गावं आहेतच की. कुणी मिनी खांदा म्हणतं का?

कोपरीकर
ताई, धाकटा हा वयाने किंवा मानाने. धाकटा भाऊ सहा फुटी असू शकतो. गावांना चालतं, कारण गावांचं आपण नातं लावतो. हॉलला काय, मोठ्या हॉलनंतर जन्मला म्हणायचं?

जुनी_बेलापूरकरीण
लावा की नातं. काय बिघडतं? आणि तुमच्या वाशीचं ‘मिनी सीशोअर’ घ्या. समोर खाडी, पलीकडे मुंबईच्या बाजूचा चिखल, भरतीला पाणी, ओहोटीला वास. सीशोअर नाहीच ते, मग मिनी कुठून? मिनी हा शब्द असली बतावणी खपवायला बरा पडतो. लहान म्हटलं की माणूस विचारतो, किती लहान? मिनी म्हटलं की गप्प बसतो.

खाडीकाठ, वाशी
हा वार बसला, कबूल. पण शेंदूर पुसला गेला हे मान्य नाही. लहानपणी शनिवारी वडील तेलात शेंदूर खलायचे आणि आम्ही गल्लीतल्या मारुतीला लावायचो. नखांच्या कडा रविवारीही केशरी. थरावर थर चढून त्या मारुतीचे नाक-डोळे बुजले होते, पोट पुढे आलेलं. मग एका पावसाळ्यात सगळी खोळ गळून पडली. आतून वीतभर मूर्ती निघाली, गदा धरलेली, नाक एकदम रेखीव. आजी म्हणाली, ‘अगं बाई, एवढासाच होता!’ तिकडे शेंदूर लावता लावता शब्द लहान झाला, इकडे देव मोठा. मला ‘मिनी’ वाचताना तो वीतभर मारुती दिसतो, त्याला मी काय करू?

कोपरीकर
मारुती छान. मत मात्र ‘छोटा हॉल’ला. चार अक्षरांत काम होतं, बारशाला आलेल्या आजीलाही कळतं.

मुक्काम_घणसोली
शेवटी ठरलं काय?

खाडीकाठ, वाशी
मीटिंग शनिवारी आहे, मिनी हॉलमध्येच. पण पेंटर आज सकाळी येऊन काम उरकून गेला. पाटीवर ‘मीनी हॉल’ आहे.

जुनी_बेलापूरकरीण
पहिला मी दीर्घ??