'तुले तठे गमस का?' : गमणे की करमणे?

तापीकाठ:
ऑक्टोबरपासून जर्मनीत आखेनला शिकतोय. परवा आजीनं फोनवर विचारलं, "तुले तठे गमस का रे?" मी 'गमत नाही' म्हणून मोकळा झालो. शेजारच्या खोलीतली पुण्याची मुलगी हसायलाच लागली. म्हणे, गमणे म्हणजे वाटणे, भासणे, तेही कवितेत. तुला म्हणायचंय ते करमणे. आमच्या अमळनेरकडे तर सर्रास गमतं. चूक कोणाची? शिवाय इथले लोक 'आइनगेलेब्ट' झालास का (नव्या जागेची सवय झाली का) विचारतात, त्याला मराठीत काय म्हणावं?

शुद्धमती:
मुलगी बरोबर आहे. 'मज गमे' म्हणजे मला वाटते. बोलीतलं घरी ठीक, लिहिताना करमणे.

केळीचं_पान:
घरी ठीक म्हणजे? चपला बाहेर काढून यायचं का आमच्या शब्दांनी? गुजरातीत 'गमे छे' म्हणजे आवडतं. नंदुरबारहून सुरत किती लांब आहे? वऱ्हाडातही 'गमत नाही' म्हणतात, तिथे कोण गुजराती?

जुनापाटा:
दोन्ही शब्द चालण्याचेच. करमणे हे 'क्रम्'वरून, गमणे 'गम्'वरून. वेळ पुढे सरकत नाही, म्हणून करमत नाही. गंमतही यातलीच असावी, असं माझं मत. (पुरावा मागू नका.)

शुद्धमती:
मागणारच.

ओटीवरची:
आइनगेलेब्टला 'रुळणे' घ्या. नवी सून रुळते तसं.

तापीकाठ:
तिथेच अडतंय. रविवारी दुकानं बंद, रिकामी बाटली परत केली की पंचवीस सेंट, हे अंगवळणी पडलं. म्हणजे रुळलो. पण डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडला की करमत नाही ते नाहीच.

ओटीवरची:
बघा ना, रुळतो 'मी', करमतं 'मला'. रुळणं आपल्या हातात, करमणं नाही.

जुनापाटा:
जर्मनांकडे 'हाइमवे' आहे की, घराचं दुखणं. बाझेलच्या योहानेस होफरनं 1688 मध्ये त्याचंच 'नोस्टाल्जिया' केलं, तेही वैद्यकीय प्रबंधात!

केळीचं_पान:
आपल्याकडे औषध वेगळं. भरीत कर.

तापीकाठ:
केलं ना. शेगडी विजेची, जाळ कुठला? वांगं ओव्हनमध्ये तास-दीड तास ठेवलं. आतून शिजलं, पण धुराचा वास नाही. मग मेणबत्तीवर साल जाळायला गेलो, तर छतावरचा धुराचा भोंगा ठणाणा. अख्खा मजला जिन्यात.

शुद्धमती:
वांगं कुठलं घेतलंत?

तापीकाठ:
काळं, चकचकीत. बियाच फार.

केळीचं_पान:
तिथेच फसलास. भरताला आमचं हिरवट-पांढरं, मोठं. जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, उगीच नाही. आणि भाजायचं कपाशीच्या काड्यांवर.

ओटीवरची:
काड्या नाही, पऱ्हाट्या.

केळीचं_पान:
तुमच्याकडे पऱ्हाट्या असतील. आमच्याकडे काड्याच म्हणतात.

शुद्धमती:
भरीत 'करतात' की 'घोटतात'? आमच्या सासूबाई बडगीत (लाकडी भांड्यात) ठेचायच्या.